पेजवर कामाची माहिती किती आणि घरच्या गप्पा किती? (चपलांचा धंदा, कोल्हापूर)

वेणीगोंडा:
नमस्कार मंडळी. आमचं घरचं कोल्हापुरी चपलांचं काम आहे. बाबा आणि काका हातानं करतात आणि इन्स्टा, फेसबुक पेज, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे सगळं माझ्याकडं. आता अडलंय कुठं ते सांगते. मी माहितीच्या पोस्ट टाकते, म्हणजे अस्सल कातडं कसं ओळखायचं, कमावताना बाभळीची साल आणि हिरडा का वापरतात, पावसात भिजली तर काय करायचं. या पोस्ट लोक सेव्ह करतात, एकमेकांना पाठवतात, पण कुणी अवाक्षर बोलत नाही. आणि बाबा चहा पिता पिता चपलेची कातडी वेणी घालतायत असा फोटो टाकला की कमेंटच कमेंट. 'काका तब्येत सांभाळा', 'आमच्या आजोबांची आठवण आली' वगैरे. मला ते मनापासून आवडतं, बाबांना तर मी एकेक कमेंट वाचून दाखवते. पण त्यातलं कुणी साइज विचारत नाही.

भाऊ म्हणतो घरचं टाकणं बंद कर, लोक चपला बघायला येतात, आपलं घर बघायला नाही. एका ऑनलाइन कोर्सात ऐकलं की ८० टक्के उपयोगाचं टाका आणि २० टक्के विक्रीचं. पण गप्पा त्या ८० मध्ये बसतात का २० मध्ये ते काय त्यांनी सांगितलं नाही. जे स्वतः धंदा करतायत त्यांनी सांगा, तुमच्याकडं कसं चालतंय? आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला काय बघायला आवडतं तेही लिहा.

पेठेतला:
भावाला सांगा बाबांचा फोटो हाच तुमचा बोर्ड आहे. बंद करायचा नाही. विषय संपला.

डिजिटल_उद्यमनगर:
विषय एवढ्यात संपत नाही हो पेठेतले :) मी हेच काम करतो, छोट्या दुकानांची पेजेस सांभाळायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे कमेंट करणारे कोण आहेत ते उघडून बघा. निम्मे पाहुणे आणि बहिणीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी असतील तर त्या कमेंटनं मन खूश होतं, पण नवीन माणूस येत नाही. इन्स्टाच्या प्रमुखांनी जानेवारी २०२५ मध्ये स्वतःच सांगितलंय की पोस्ट किती वेळ बघितली, किती लाइक आले आणि किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली या तीन गोष्टी सगळ्यात जास्त धरतात, आणि जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायला पाठवण्याचं वजन जास्त. म्हणजे तुमची 'भिजली तर काय करायचं' वाली पोस्ट गप्प बसलेली दिसते, पण खरं काम तीच करतीय. लोक ती कुणाला तरी पाठवतायत, आणि तो कुणीतरी म्हणजेच तुमचं उद्याचं गिऱ्हाईक.

त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे, माहिती जास्त, गप्पा कमी. आठवड्यात एखादी घरची पोस्ट पुष्कळ झाली.

मसाला_काकू:
मी कांदा लसूण मसाला करते. सीझनला ब्याडगी, संकेश्वरी मिरची आली की डंकावर कुटून आणायचं. माझं पेज बिज काही नाही, नुसतं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि ब्रॉडकास्ट. तरी सांगते.

मिरच्या गच्चीवर वाळत घातल्यात आणि ढग आलेत एवढाच फोटो मी स्टेटसला टाकते, की लगेच फोन सुरू. 'काकू भिजल्या काय?' 'यंदा मसाला उशिरा मिळणार काय?' 'मग माझं दोन किलो लिहून ठेवा.' ही माहिती म्हणायची का गप्पा म्हणायच्या? मला तर काही फरक करता येत नाही बाई.

दुसरं म्हणजे लोक मेसेजमध्ये विचारतात तिखट किती आहे. लिहून सांगता येतं का ते? मी बोलून पाठवते. 'तुमच्याकडं लहान मुलं असली तर आमटीला अर्धा चमचा घाला, मटणाला दीड घाला, आणि तेलात आधी परतून घ्या नाहीतर कच्चट लागतं.' माझा आवाज ऐकला की लोकांना वाटतं हिच्याकडनं घ्यायला हरकत नाही. टाइप केलेलं तसं वाटत नाही.

चिंचवडकर_मूळ_गडहिंग्लज:
काकू, नंबर द्या ना. इकडं मिळतो त्या मसाल्याला नुसता रंग असतोय.

मसाला_काकू:
इथं नंबर टाकत नाही हो, विपू (विचारपूस) बघा.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:
काकूंनी ब्रॉडकास्टचा विषय काढलाच आहे तर नवीन लोकांसाठी सांगतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. कितीतरी दुकानदार रोज मेसेज टाकतात आणि निम्म्यांना तो जातच नाही, त्यांना कळतही नाही. म्हणून पहिल्या ऑर्डरबरोबरच सांगायचं, नंबर सेव्ह करा, नवीन माल आला की कळवतो.

आणि हे जे कमी जास्तचं गणित चाललंय ना, ते मला मूळातच पटत नाही. माझं दुकान पुराच्या पट्ट्यात येतंय. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती (धोक्याची पातळी ४३ आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो). हायवे शिरोलीजवळ बंद, माल येत नाही जात नाही. त्या वेळी मी पेजवर रोज सकाळी एवढंच लिहायचो, पाणी किती फुटावर आहे, माल वरच्या मजल्यावर नेलाय, आम्ही सगळे सुखरूप आहोत, पार्सल रस्ता सुरू झाल्यावर निघेल, ज्यांना थांबायचं नाही त्यांचे पैसे परत देतो. एकानंही पैसे परत मागितले नाहीत. उलट सोलापूर, नाशिक कुठनं कुठनं फोन, काय लागलं तर सांगा म्हणून.

आता हे घरचं होतं का कामाचं? दोन्ही होतं. गिऱ्हाइकाला आपलं पार्सल कुठाय ते कळलं आणि माणसं कशी आहेत तेही कळलं.

त्याच आठवड्यात आमच्या ओळखीतल्या एका दुकानाच्या पेजवर 'पावसाळी धमाका, ४० टक्के सूट' अशी पोस्ट आली. आधीच वेळ लावून ठेवलेली, ती आपोआप गेली. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते इथं लिहीत नाही.

रंकाळ्याची_हवा:
ती पोस्ट आठवतीय मला. लोकांनी खाली लिहिलं होतं, 'होडी पण सूटमध्ये मिळेल का, घराबाहेर पडायचंय.'

निवृत्त_मास्तर:
तिसरी गल्ली यांचा प्रतिसाद फार आवडला. पूर्वी महाद्वार रोडला दुकानात बाहेर एक बाक असायचा. त्यावर रोजची चार माणसं बसलेली असायची, ती खरेदी करायची नाहीत, पण नवीन माणूस आत शिरताना त्यांच्याकडं बघूनच शिरायचा. वेणीगोंडा, तुमच्या बाबांच्या फोटोखाली बोलणारे लोक त्या बाकावरचे आहेत. त्यांनी साइज विचारली नाही म्हणून त्यांना उठवू नका.

डिजिटल_उद्यमनगर:
मास्तर, मान्य. पण बाकावरच्यांनी दारच अडवलं तर? मी अशी पेजेस बघितलीत जिथं वरून खालपर्यंत वाढदिवस, सत्यनारायण, गावची जत्रा आणि नवीन गाडीची पूजा. माल शोधायला दहा वेळा स्क्रोल करावं लागतं. किंमत तर कुठंच नाही.

गिऱ्हाईक_एक_नंबर:
किंमत!!! शेवटी कुणीतरी बोललं. मी धंदेवाली नाही, नुसती खरेदी करणारी आहे. ताई तुम्ही गप्पा मारा, माहिती द्या, काय वाटेल ते टाका, पण ते 'किंमत इनबॉक्समध्ये सांगू' तेवढं करू नका. इनबॉक्समध्ये गेलं की 'हॅलो मॅडम, कशा आहात, कुठून बोलताय', अहो मला चपलेचा भाव पाहिजे. मी सरळ पुढच्या पेजवर जाते.

साडी_सेंटरची_सून:
+१

उजळाईवाडी:
+१००. आणि पत्ता. अर्ध्या पेजेसवर 'कोल्हापूर' एवढाच पत्ता असतो. कोल्हापुरात कुठं? मी गाडी घेऊन भवानी मंडपात फिरत बसू काय?

साडी_सेंटरची_सून:
किंमत न टाकायचं एक कारण असतं, ते पण ऐकून घ्या. शेजारचा दुकानदार आपला भाव बघून दहा रुपयानं कमी लावतो. म्हणून सासरे किंमत टाकू देत नव्हते. मी मग एवढंच केलं की 'अमुकपासून तमुकपर्यंत' असा पट्टा लिहायला लागले. फालतू चौकश्या कमी झाल्या आणि जी बाई मेसेज करते ती खरंच घेणारी असते.

वेणीगोंडा:
सगळ्यांचे आभार, इतके लोक लिहितील वाटलं नव्हतं. किंमतीचं अगदी पटलं. आमच्या कॅटलॉगमध्ये किंमत आहे पण पोस्टमध्ये नसते, आजपासून लिहिणार.

@डिजिटल, तुम्ही म्हणालात म्हणून कमेंट करणारे कोण ते बघितलं. पाहुणे आहेत, पण कमीच आहेत. बरेचसे बाहेरगावी राहणारे आपल्याकडचेच लोक आहेत, पुणे, मुंबई, बेंगलोर.

चिंचवडकर_मूळ_गडहिंग्लज:
म्हणजे माझ्यासारखे. मी सांगतो आम्ही काय बघतो. मी एका पेजवर केवळ भाषेसाठी जातो. तो माणूस व्हिडिओत 'हे बगा, असं दाबून बगायचं, मऊ लागलं की समजायचं' असं बोलतो आणि मला दिवसभर बरं वाटतं. त्याच्याकडनं मी आजवर काही घेतलं नव्हतं. मग जूनमध्ये, २०२५ ला, ते मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्यासारख्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही म्हणून सगळीकडं आरडाओरड झाली ना, (नंतर त्यांनी मान्य केलं की प्रेरणा इथली आहे), तेव्हा ऑफिसातले चार जण मला विचारायला आले की खरी कोल्हापुरी कुठं मिळेल. मी डोळे झाकून त्या पेजची लिंक दिली. घेतल्या त्यांनी, मी पण घेतली.

तर बोलणारा माणूस स्वतः घेईलच असं नाही, पण तो नाव सांगतो. हे तुमच्या त्या आकड्यात कुठं दिसतं डिजिटलराव?

डिजिटल_उद्यमनगर:
दिसत नाही, हे खरंय. तोंडी सांगितलेलं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं मोजता येत नाही. म्हणून मी दुकानदारांना सांगतो की प्रत्येक नवीन ऑर्डरला एक प्रश्न विचारा, आमचं नाव कुठं कळलं. वहीत लिहून ठेवा. कुठल्याही अ‍ॅपपेक्षा ती वही जास्त सांगते.

पण एक बघा, ऑफिसातल्या चौघांना तुम्ही लिंक दिलीत, ते पेजवर गेले, तिथं त्यांना साइज, किंमत, पत्ता मिळाला म्हणून त्यांनी घेतलं. तिथं नुसता चहाचा फोटो असता तर?

निपाणीकर:
प्राडाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. त्या वेळी सगळे म्हणत होते कोल्हापुरी फक्त कोल्हापूरची. आमच्याकडं कर्नाटकात निपाणी, अथणी भागात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. त्याचं काय?

पेठेतला:
मग ती निपाणी चप्पल झाली की.

निपाणीकर:
असं बोलू नका, मनाला लागतं.

वेणीगोंडा:
निपाणीकर बरोबर बोलतायत. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते दोन्ही राज्यांतल्या मिळून आठ जिल्ह्यांना. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बाबांचे तिकडं चांगले संबंध आहेत, आम्ही तळ तिकडनंही आणतो. हाच वाद माझ्या पेजवर एका कमेंटमध्ये झाला होता आणि तिथं मी असंच उत्तर लिहिलं होतं.

पेठेतला:
माफ करा निपाणीकर, हे मला ठाऊक नव्हतं. राग मानू नका.

निवृत्त_मास्तर:
वेणीगोंडा, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते कमेंटमध्ये दडवून ठेवलंत होय? हीच तर पोस्ट आहे! आठ जिल्हे कुठले ते मला तरी आज कळलं. कुणीतरी वाद घातला म्हणून तुम्हाला सांगावं लागलं. लोक वाद घालतात, विचारतात, शंका काढतात, तिथनंच उपयोगाचं काय ते कळतं. घरात बसून 'आज काय माहिती देऊ' असा विचार करून ते सुचत नाही.

गुऱ्हाळवाला:
मास्तरांचं एकदम करेक्ट. माझं उदाहरण देतो. आमचं गुऱ्हाळ आहे, बिनकेमिकलचा गूळ. पहिल्या सीझनला फोटो टाकला तर खाली लोक तुटून पडले, 'गूळ काळा कसा, जुना दिसतोय, भेसळ असणार'. लई राग आला होता. आजोबा म्हणाले रागावू नको, त्यांना माहिती नाही, दाखव त्यांना. मग रात्री काहिलीपाशी उभं राहून व्हिडिओ केला. रस उकळताना भेंडीचं पाणी घालून मळी कशी काढतात, आणि पिवळाधमक दिसायला हायड्रॉस नावाची केमिकल पावडर कशी घालतात, आपण ती घालत नाही म्हणून रंग तांबूस काळा येतो, हे सगळं आजोबांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. मध्येच मला शिव्या पण घातल्या जाळ कमी झाला म्हणून, ते तसंच ठेवलं.

तो व्हिडिओ आजपण फिरतोय. त्यात माहिती आहे, आजोबा आहेत, शिव्या पण आहेत. कुठला भाग गप्पांचा म्हणून कापू?

मसाला_काकू:
शिव्या कापू नको रे बाबा, त्यासाठीच बघतात.

पेठेतला:
गुऱ्हाळवाले, काकवी असते का? सुगीत यायला पाहिजे तुमच्याकडं.

गुऱ्हाळवाला:
या की. गुऱ्हाळ दिवाळीनंतर पेटतं, येताना किटली घेऊन या.

हुपरीची_चांदी:
मला एका वेगळ्या बाजूनं लिहायचं आहे. मी पैंजण, जोडवी विकते, पेजवर चेहरा माझाच असतो. सुरुवातीला मीही खूप मोकळेपणी टाकायचे. मग रात्री अकराला 'हाय डिअर', 'एकट्याच असता का दुकानात' असले मेसेज सुरू झाले. एकानं तर मुलीच्या शाळेचा युनिफॉर्म ओळखून शाळेचं नाव लिहिलं. त्या दिवशी हातपाय गार पडले.

आता माझा नियम आहे. हात दाखवायचे, काम दाखवायचं, आवाज द्यायचा, विचार सांगायचे. मुलं नाहीत, घराचा बाहेरचा भाग नाही, आज आम्ही सगळे गावाला चाललोय हे तर नाहीच, चोराला आमंत्रण ते. गावाला जाऊन आल्यावर सांगते. धंद्याचा नंबर वेगळा ठेवलाय आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेनंतर आपोआप उत्तर जातं की उद्या सकाळी बोलू. आपलेपणा म्हणजे सगळं उघडं करणं नाही. 'चांदी काळी पडली, खोटी आहे का' असं एखादी घाबरून विचारते तेव्हा मी तिला शांतपणे समजावते की हवेतल्या गंधकामुळं खरी चांदीसुद्धा काळवंडते, ती खोटेपणाची खूण नाहीच. त्या माझ्या खऱ्या गप्पा. तेवढ्यावर मैत्रिणी झाल्यात माझ्या.

वेणीगोंडा बाबांचा फोटो टाकायला त्यांची हरकत नाही ना, तेवढं विचारून घ्या. मोठी माणसं नाही म्हणत नाहीत, पण.

वेणीगोंडा:
@हुपरी, फार महत्त्वाचं लिहिलंत. बाबांना विचारलं, म्हणाले 'काम करतानाचा टाक, जेवतानाचा नको.' तर तसंच करणार.

साडी_सेंटरची_सून:
हुपरी ताईंना मनापासून अनुमोदन. हे 'डिअर' वाले सगळीकडं आहेत. ब्लॉक करा, उत्तर देत बसू नका.

रंकाळ्याची_हवा:
आणि दोन गोष्टी पेजवर कधीच आणू नयेत. एक राजकारण, दुसरं फुटबॉल. एका वडापाववाल्यानं पेजवर पीटीएमचं (पाटाकडील तालीम मंडळाच्या टीमचं) अभिनंदन केलं तर खंडोबा तालमीच्या टीमवाल्यांनी आठवडाभर तिकडं पाऊल टाकलं नाही.

पेठेतला:
हे मात्र शंभर टक्के. शाहू स्टेडियमवर मॅच असली की चप्पल विकायची, ती घालून कुठल्या टीमला बघायला जाणार ते विचारायचं नाही. चपलेला पेठ नसते.

उजळाईवाडी:
'चपलेला पेठ नसते' हे वेणीगोंडांनी पेजवर वर लिहायला हरकत नाही.

वाचकमात्र:
पहिल्यांदाच लिहितोय. माझं छोटं किराणा दुकान आहे. गेल्या वर्षी वडील गेले. पेजवर टाकावं की नाही कळत नव्हतं, दुःखाचा बाजार मांडल्यासारखं वाटायचं. शेवटी दोन ओळी लिहिल्या, वडील गेले, दुकान तेराव्यापर्यंत बंद राहील, ज्यांच्या ऑर्डर आहेत त्यांना स्वतः फोन करीन. फोटोसुद्धा टाकला नाही. दुकान उघडलं त्या दिवशी लोक नुसतं भेटायला आले. त्यानंतर लगेच काही विकायची पोस्ट टाकायला हात धजला नाही, थोडे दिवस जाऊ दिले. एवढंच सांगायचं होतं.

निवृत्त_मास्तर:
वाचकमात्र, योग्य केलंत. लिहीत राहा.

मसाला_काकू:
देव तुमच्या पाठीशी आहे दादा.

डिजिटल_उद्यमनगर:
हे वाचून थोडा वेळ थांबलो. वाचकमात्र यांच्या त्या दोन ओळींत कळवायचं ते सगळं होतं, आणि एक शब्द जास्त नव्हता.

मूळ प्रश्नाकडं येतो. मी गप्पांच्या विरोधात नाही, पसाऱ्याच्या विरोधात आहे. फेसबुकनं जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं होतं की दुकानांच्या, पेजेसच्या पोस्ट मागं ठेवून माणसामाणसांतल्या बोलण्याला पुढं आणणार. त्याच्या आधी डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी सांगितलं होतं की 'लाइक करा, पाच जणांना टॅग करा' अशी भीक मागणाऱ्या पोस्ट मागं ढकलणार. म्हणजे बोलणं पाहिजे, पण खरं. 'तुम्हाला चहा आवडतो का कॉफी, कमेंटमध्ये सांगा' असलं विचारून चपला विकणाऱ्याला काय मिळणार? त्यापेक्षा विचारा, 'तुमची कोल्हापुरी कुठं चावली?' बघा किती उत्तरं येतात.

आणि आजकाल एकसारख्या छापाच्या कॅप्शन येतायत सगळीकडनं, परंपरेचा वारसा, पावलांची शान, दहा इमोजी. कुणाचंही नाव घाला, चालतंय. तसलं लिहून घेऊ नका. तुमची या धाग्यातली भाषा आहे तीच तिकडं लिहा.

गिऱ्हाईक_एक_नंबर:
अंगठ्याला! आणि टाचेच्या वर. दोन दिवस लंगडत होते.

चिंचवडकर_मूळ_गडहिंग्लज:
मला पट्ट्याच्या कडेला. पहिला आठवडा.

वेणीगोंडा:
@गिऱ्हाईक @चिंचवडकर, रात्री पट्ट्याला आणि अंगठ्याला आतनं खोबरेल तेल लावून ठेवायचं, सकाळी पुसायचं, आणि सुरुवातीला घरातल्या घरात थोडा थोडा वेळच घालायची. पहिल्या दिवशी लग्नाला घालून जायची नाही. आणि घट्ट वाटली म्हणून मोठी साइज घेऊ नका, कातडं पायाप्रमाणं सैल होतंय, मोठी घेतली तर महिन्यानं पायातनं निघते.

आणि डिजिटल, तुमची वहीची सूचना ऐकून मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. बहुतेकांनी एकच सांगितलं. कुणीतरी 'भिजलेल्या चपलेची' पोस्ट पाठवली म्हणून ते पेजवर आले. पण पैसे लगेच नाही पाठवले. खाली खाली जाऊन बघितलं, बाबा दिसले, काका दिसले, लोकांशी मी काय बोलते ते वाचलं, आणि मग आगाऊ पैसे पाठवायला मन तयार झालं. साताऱ्याच्या एक ताई म्हणाल्या, 'ऑनलाइन फसवणूक इतकी आहे की, मी आधी बघते माणूस खरा आहे का.' मला हे माहीतच नव्हतं. बाबांच्या फोटोखाली जे साइज विचारत नव्हते ते नंतर मेसेजमध्ये येऊन विचारत होते, आणि मी ते दोन वेगळे लोक समजत होते.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:
हे भावाला दाखवा.

वेणीगोंडा:
दाखवलं. तो म्हणतो फोटो राहू दे, पण किंमत आणि साइजचा तक्ता सगळ्यात वर पाहिजे. हे त्याचं बरोबर आहे.

डिजिटल_उद्यमनगर:
भाऊ माझ्या बाजूचा निघाला, बरं वाटलं. तरी माझा एक आक्षेप राहतोच. फोन उचलणारे ते जुने, खूश असलेले गिऱ्हाईक. जे पेजवर आले, पसारा बघितला आणि निघून गेले ते वहीत कधीच येणार नाहीत. म्हणून वर तीन पोस्ट पिन करून ठेवा, इन्स्टावर तीनच होतात. एक किंमत, साइज आणि पत्ता. दुसरी भिजलेल्या चपलेची. तिसरी बाबांचा काम करतानाचा व्हिडिओ. त्याच्या खाली मग रोजचं जे काय असेल ते असू दे.

निवृत्त_मास्तर:
तिसरी पहिल्या जागी ठेवावी असं माझं मत.

डिजिटल_उद्यमनगर:
नाही मास्तर, किंमत पहिली. गिऱ्हाईक_एक_नंबर यांना विचारा.

गिऱ्हाईक_एक_नंबर:
किंमत पहिली!!

हुपरीची_चांदी:
मी मास्तरांच्या बाजूनं. पैंजणाची किंमत वर लिहिली तर बाई घडणावळ न बघताच महाग म्हणून निघून जाते. आधी काम दिसू दे.

साडी_सेंटरची_सून:
कामाच्या व्हिडिओवरच किंमत लिहिली तर? दोन्ही एकदम दिसेल.

वेणीगोंडा:
हे जमेल. बाबा तळ शिवतायत आणि खाली किंमत, साइज. वादीनं शिवतात, खिळा मारत नाहीत, तेही त्यातच सांगता येईल. उद्या उन्हात काढते.

मसाला_काकू:
हे पिन करायचं काय असतं? मला मुलीनं परवाच इन्स्टा काढून दिलंय.

उजळाईवाडी:
काकू, तुमची पोस्ट उघडा, वरच्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतील ती दाबा, त्यात पिन करा असं येईल. झालं की तुमच्या प्रोफाइलला ती सगळ्यात वर दिसते. मिरच्यांचा ढगवाला फोटो पहिला लावा.

मसाला_काकू:
टिंबं सापडली. थांबा, चष्मा घेऊन येते.